एकच ऑर्डर, चार वेळा दलाली: सेबीच्या अध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

सविनय नमस्कार.

पत्रास कारण एक शेअर आहे. एका बुधवारी बाजार बंद व्हायला दोन मिनिटं असताना माझ्या नावावर एक शेअर खरेदी झाला. ऑर्डर शंभरची नव्हे, त्या दिवशी उरलेल्या ब्याऐंशीची होती. मिळाला एक. भाव १८२ रुपये ४० पैसे. त्या एका शेअरची स्वतंत्र काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, रात्री ईमेलवर आली आणि त्यावर ४ रुपये ५६ पैसे दलाली लागली होती. माझा ठरलेला दर शेकडा ३० पैसे आहे. त्या दराने ५५ पैसे व्हायला हवे होते. मी ती नोट छापून घेतली, जेवणाच्या टेबलावर पट्टी ठेवून त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि मग आधीच्या दोन दिवसांच्या नोटा काढून शेजारी ठेवल्या. हे पत्र तिथून सुरू झालं.

मी कराडची. पोस्टात बचत खात्याच्या खिडकीवर ३१ वर्षं काम करून निवृत्त झाले. निवृत्तीचे बहुतेक पैसे पोस्टातच आहेत, थोडे शेअर्समध्ये आहेत आणि ते मी स्वतः सांभाळते. इंट्राडे करत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्स करत नाही. महिन्याला पंधरा-वीस हजारांचे शेअर घ्यायचे, ठेवायचे आणि घरात गरज पडली तर विकायचे, एवढाच माझा व्यवहार. माझ्या नणंदेचं आणि आमच्या भिशीतल्या चौघींचंही खातं त्याच ब्रोकरकडे आहे, कारण त्याचं ऑफिस एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथला मुलगा मराठीत समजावून सांगतो. ब्रोकरचं नाव मी लिहिणार नाही. त्याने नियम मोडलेला नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

झालं ते असं. एका छोट्या कंपनीचे १०० शेअर मला १८२.४० ला हवे होते. सोमवारी सकाळी ऑर्डर लावली. कंपनी चांगली आहे, पण रोजचे सौदे थोडे. माल फारसा बाहेर येत नाही. त्या दिवशी ७ शेअर मिळाले आणि साडेतीनला बाकीची ऑर्डर आपोआप रद्द झाली, कारण ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. मंगळवारी पुन्हा लावली, ११ मिळाले. बुधवारी तो एक. गुरुवारी ४६. शुक्रवारी भाव १९१ वर गेला आणि उरलेले ३५ राहिलेच.

आता हिशेब. माझ्या टॅरिफ शीटमध्ये, म्हणजे ब्रोकरच्या दरपत्रकात, डिलिव्हरीचा (शेअर घेऊन ठेवण्याच्या सौद्याचा) दर ०.३० टक्के आहे. पण त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की एका दिवसाला एका कंपनीच्या सौद्यावर किमान २५ रुपये दलाली लागेल, मात्र ती सौद्याच्या अडीच टक्क्यांच्या वर जाणार नाही. त्याप्रमाणे सोमवारच्या १,२७६ रुपये ८० पैशांच्या खरेदीवर २५ रुपये लागले. मंगळवारच्या २,००६ रुपये ४० पैशांवर २५ रुपये. बुधवारी अडीच टक्क्यांची मर्यादा आडवी आली म्हणून ४ रुपये ५६ पैसे. गुरुवारी मात्र सौदा ८,३९० रुपयांचा असल्यामुळे खऱ्या दरानेच २५ रुपये १७ पैसे. चार दिवसांची बेरीज ७९ रुपये ७३ पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९४ रुपये ८ पैसे. हेच ६५ शेअर एका दिवशी मिळाले असते तर दलाली ३५ रुपये ५७ पैसे आणि जीएसटीसह ४१ रुपये ९७ पैसे झाली असती. म्हणजे ०.३० टक्क्यांच्या दरावर सही करून मी प्रत्यक्षात ०.६७ टक्के मोजले. जीएसटीही त्या फुगलेल्या दलालीवरच लागला.

बावन्न रुपयांसाठी मंडळाला पत्र का, असं कोणी म्हणेल. बावन्न रुपये बारा हजारांच्या खरेदीवरचे आहेत. मी अशा पाच-सहा छोट्या कंपन्यांमध्ये वर्षभर थोडं थोडं घेते, आणि सहा बायकांच्या वह्या माझ्याकडे आहेत. मागच्या वर्षीच्या नोटा चाळल्या तेव्हा निम्म्याहून जास्त खरेद्या तुकड्यांत झालेल्या निघाल्या. ज्याची ऑर्डर दहा लाखांची असते त्याला हे किमान बहुतेक वेळा लागतच नाही. त्याचा तुकडासुद्धा बहुधा आमच्या पूर्ण ऑर्डरपेक्षा मोठा असतो. हा भुर्दंड मुख्यतः लहान माणसाला बसतो, आणि तोही त्याची चूक नसताना.

मग मार्केट ऑर्डर टाका, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्या, एका दमात सगळे मिळतील, असं ऑफिसातल्या मुलाने सुचवलं. त्याचाही हिशेब मी त्याच्यासमोर केला. सोमवारी सकाळी पडद्यावर विकणाऱ्यांचे पाच भाव दिसत होते: १८२.४० ला ७ शेअर, १८२.९५ ला ३, १८४ ला २०, १८७.५० ला ५० आणि १९० ला २००. मार्केट ऑर्डरने १०० शेअर घेतले असते तर या पाचही पायऱ्या चढत जावं लागलं असतं आणि १८,६८० रुपये ६५ पैसे पडले असते. मी लावलेल्या भावाने ते १८,२४० रुपये होतात. बावन्न रुपये वाचवायला ४४० रुपये जास्त द्यायचे. आम्ही लिमिट, म्हणजे भावाची मर्यादा, लावतो ते शिस्त म्हणून. छोट्या कंपनीत मार्केट ऑर्डर टाकू नका हे प्रत्येक जाणकार सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण ती शिस्त पाळली की ऑर्डर तुकड्यांत भरते, आणि तुकड्यांत भरली की दलाली वाढते. योग्य वागणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते.

ऑर्डर तुकड्यांत भरणं हा बाजाराचा दोष आहे असं मी म्हणत नाही. एक्स्चेंजवर आधी भाव आणि मग वेळ, या क्रमाने रांग लागते. मी लावलेल्या भावाला विकायला जेवढे शेअर आले तेवढेच मला मिळणार. खिडकीवर इतकी वर्षं काढल्यामुळे रांगेचा न्याय मला कळतो. पण खिडकीची दुसरी बाजूही कळते. आमच्या ऑफिसात कधी रोकड कमी पडली तर मोठी रक्कम काढायला आलेल्या माणसाला आम्ही निम्मे पैसे आज आणि निम्मे उद्या दिलेले आहेत. त्याला दोन हेलपाटे पडले याचं आम्हाला वाईट वाटायचं. दोन दिवस लागले म्हणून त्याच्याकडून दोनदा काही घ्यावं हे कोणाच्या मनातही आलं नसतं. त्याची मागणी एकच होती. पुरवायला आम्ही कमी पडलो होतो.

यापेक्षा कठीण गोष्ट विक्रीची आहे.

माझ्या नणंदेला दाताच्या कामासाठी पैसे हवे होते. तिच्याकडे एका कंपनीचे ४० शेअर होते, ते १९० ला विकायला लावले. संध्याकाळी तिचा फोन आला. "वहिनी, अगं एकच शेअर गेला म्हणे. आणि सव्वीस-सत्तावीस रुपये कापलेत. हे काय गं?" मी तिला लेजर, म्हणजे ब्रोकरकडच्या खात्याचा उतारा, पाठवायला सांगितलं. १९० रुपयांच्या एका शेअरवर अडीच टक्क्यांनी ४ रुपये ७५ पैसे दलाली, तिचा जीएसटी ८६ पैसे, आणि शेअर डीमॅटमधून बाहेर गेला म्हणून डीपी चार्ज १८ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २१ रुपये २४ पैसे. एकूण २६ रुपये ८५ पैसे. शेकडा चौदा रुपयांहून जास्त. सरकारचा एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर, १९ पैसे निघत होता, तो पूर्ण रुपयात धरताना शून्य झाला. म्हणजे सरकारने त्या सौद्यावर एसटीटी सोडला आणि मध्यस्थाने चौदा टक्के घेतले. दुसऱ्या दिवशी १४ शेअर गेले, तिसऱ्या दिवशी २५. डीपी चार्ज तीनही दिवस लागला. एकदाच लागता तर २१ रुपये २४ पैसे, लागले ६३ रुपये ७२ पैसे.

तिला मी काय सांगणार होते? "पहिल्या दिवशी एक गेला तेव्हाच बाकीची ऑर्डर काढून घ्यायला हवी होतीस" असं? तो एक शेअर जाईल की चाळीस, हे तिला आधी कळण्याचा काही मार्ग नव्हता. "एवढे कापणार असाल तर तो एक शेअर विकू नका", हे बाजाराला सांगण्याची सोय तिच्या ॲपवर नव्हती. आणि डीपी चार्ज काँट्रॅक्ट नोटेवर दिसतच नाही, तो लेजरमध्ये वेगळा पडतो. नोट बघून हिशेब जुळवणाऱ्या माणसाला तो सापडणारही नाही.

आता माझं म्हणणं एकेक करून मांडते.

पहिलं म्हणणं किमान दलालीबद्दल. दलालीची कमाल मर्यादा अडीच टक्के आहे आणि दहा रुपये किंवा त्याहून कमी भावाच्या शेअरला २५ पैसे. ही मर्यादा त्या काळापासून चालत आली आहे जेव्हा कागदी शेअर सर्टिफिकेट, ट्रान्सफर फॉर्म आणि सहीचे घोळ होते. तेव्हा एका शेअरचा सौदा करायला खरोखर माणसाचे तास जात. आज तो एक शेअर मला देताना कोणाचंही बोट हललेलं नाही. आणि हीच मर्यादा आमच्यासाठी ढाल होण्याऐवजी परवाना झाली आहे. ब्रोकर म्हणतो, "मॅडम, अडीच टक्क्यांच्या आतच आहे." म्युच्युअल फंडांच्या बाबतीत मंडळाने किती वेगळा विचार केला ते बघा. फंडाने रोख बाजारात खरेदी-विक्री करताना दलाली म्हणून ०.१२ टक्क्यांपर्यंतचीच रक्कम खर्चाच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर वेगळी धरायची, हा नियम आपणच कित्येक वर्षं चालवला. फंडातला पैसाही माझ्यासारख्यांचाच असतो. तो फंडामार्फत गेला तर मोजमाप ०.१२ टक्क्यांचं होतं आणि मी स्वतः गेले तर अडीच टक्क्यांचं. घाऊक आणि किरकोळ यांत फरक असणार हे मला मान्य आहे. पण वीसपट?

दुसरं म्हणणं थोडं मागे जाऊन सांगते, कारण मला ते सगळ्यात जास्त लागतं. आमचे मामंजी नव्वदच्या दशकात शेअर घ्यायचे. तेव्हा मार्केट लॉट असायचा, बऱ्याचदा ५० किंवा १०० चा. बोनस मिळून हातात ७ किंवा १३ शेअर उरले की त्याला ऑड लॉट म्हणायचे, आणि ते विकायला गेलं की बाजारभावापेक्षा कमी भाव मिळायचा. मामंजींची एक पिवळी फाइल अशाच ऑड लॉटांनी भरलेली होती. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला, डीमॅट आलं आणि एक शेअर हासुद्धा पूर्ण सौदा झाला. त्या वर्षांत घरी त्यांनी मला दोनदा-तीनदा समजावून सांगितलेलं आठवतं, की आता लहान माणसाला भाव कमी मिळणार नाही. ते वचन होतं. किमान दलाली आणि रोजचा डीपी चार्ज यांनी ते मोडलं. भाव आता पूर्ण मिळतो, पण १९० च्या शेअरचे हातात १६३ रुपये येतात. ऑड लॉटचा तोटा मागच्या दाराने परत आला आहे, आणि या वेळी तर तुकडे आम्ही पाडलेलेही नाहीत.

तिसरं म्हणणं डीपी चार्जचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सीडीएसएलने, म्हणजे आमची डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीने, डेबिटच्या (शेअर खात्यातून बाहेर जाण्याच्या) प्रत्येक व्यवहाराला साडेतीन रुपये असा एकसारखा दर ठेवला. आमच्याकडून घेतले जातात १८. मधले निदान साडेचौदा रुपये ब्रोकरचे आहेत. रोज वेगळी एन्ट्री पडते, म्हणून डिपॉझिटरीचे साडेतीन रुपये रोज लागणं मी समजू शकते. पण साडेचौदा रुपये रोज का? आणि लेजरमध्ये ते दोन्ही मिळून "डीपी चार्ज" या एकाच नावाने का येतात? आपण १ जुलै २०२४ च्या परिपत्रकात एक्स्चेंज, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांना सांगितलं, की ग्राहकाकडून त्यांच्या नावाने जेवढे पैसे घेतले जातात तेवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. उलाढालीप्रमाणे बदलणारे दरांचे टप्पे आपण बंद केले. त्या दिवशी मी ती बातमी कात्रण करून ठेवली होती, इतका आनंद झाला होता. तेच तत्त्व आमच्या लेजरमधल्या या ओळीपर्यंत का आलं नाही?

चौथं म्हणणं ऑर्डरच्या प्रकारांबद्दल. माझ्या हातात आज दोनच साधनं आहेत. एक दिवसभराची ऑर्डर, जी मिळेल तेवढं घेत राहते. दुसरी आयओसी, म्हणजे आत्ता लगेच मिळतील तेवढे घ्या आणि उरलेले रद्द करा. दोन्हींत एक शेअर मिळण्याची शक्यता राहतेच. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) व्यवस्थेत "सगळे नाहीतर काहीच नाही" आणि "किमान इतके तरी" अशा अटींची तरतूद होती, पण मंडळाच्या निर्देशांमुळे त्या वापरता येत नाहीत. त्यामागचं कारण मला पटतं. अशी अटीची ऑर्डर रांगेत उभी राहिली तर दिसणारा माल आणि खरोखर मिळणारा माल यांत फरक पडतो आणि मागच्या माणसाला ते अन्यायाचं होतं. पण जी ऑर्डर रांगेत उभीच राहत नाही तिचं काय? "मी सांगितलेल्या भावाला १०० शेअर आत्ता पूर्ण मिळत असतील तर द्या, नाहीतर मी आल्या पावली परत जाते." ती आयओसीसारखीच क्षणात संपते. कोणाची जागा अडवत नाही, कोणाला नसलेला माल दाखवत नाही. आयओसी चालते तर ही का चालू नये? ही सोय असती तर त्या आठवड्यात मला सोमवार ते गुरुवार शून्य रुपये दलाली लागली असती, आणि थांबायचं की भाव वाढवायचा हे मी डोळे उघडे ठेवून ठरवलं असतं.

पाचवी तक्रार लहान आहे. उरलेली क्वांटिटी कमी करायला सांगितली की काही ठिकाणी ऑपरेटर ऑर्डर मॉडिफाय न करता रद्द करून नवीन लावतात. क्वांटिटी कमी केल्याने रांगेतली जागा जात नाही, पण रद्द करून लावली की माणूस शेवटी जातो. जिथे दलाली दर ऑर्डरमागे असते तिथे तर ती दुसऱ्यांदाही लागते. हे माझ्या बाबतीत दिवाळीच्या आधी झालं, २०० च्या ऑर्डरचे १५० करताना. नोटेवर दोन ऑर्डर नंबर दिसले तेव्हा कळलं.

"स्वस्त ब्रोकरकडे जा" हे उत्तर मला अनेकांनी दिलं आहे, म्हणून त्याबद्दलही लिहिते. ज्यांच्याकडे दर ऑर्डरला २० रुपये आहेत तिथे एका दिवसात एक ऑर्डर दहा तुकड्यांत भरली तरी वीसच लागतात, हे चांगलंच आहे. पण दुसऱ्या दिवशी लावलेली ऑर्डर ही नवी ऑर्डर. माझ्या त्या चार दिवसांचे तिथे २०, २०, ४.५६ आणि २० असे ६४ रुपये ५६ पैसे झाले असते, एकाच दिवशी मिळाले असते तर २०. म्हणजे तिपटीहून जास्त. काही ठिकाणी डिलिव्हरीला दलाली नाही, पण विकताना डीपी चार्ज दर दिवशी लागतोच. आणि आमच्या भिशीतल्या दोघींना ॲपवर एकटीने व्यवहार करायची भीती वाटते. त्यांना समोर बसलेला माणूस हवा आहे आणि त्याची रास्त दलाली द्यायला त्या तयार आहेत. आम्ही फुकट मागत नाही.

आमच्या बाजूने जे करता येईल ते आम्ही करतो. ऑर्डर लावण्याआधी पाचही भाव आणि त्यांपुढची क्वांटिटी बघतो. कमी सौद्यांच्या कंपनीत दोन हजारांची खरेदी करतच नाही, किमान आठ-दहा हजार साठले की एकदम लावतो. आमच्या दराने ८,३३३ रुपयांना २५ रुपये दलाली होते, त्याखाली सौदा गेला की किमान लागू होतं, हा आकडा भिशीतल्या प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. थोडेच शेअर मिळालेत असं दुपारी तीनला दिसलं तर पाच-दहा पैसे वाढवून त्याच दिवशी ऑर्डर पूर्ण होते का ते बघतो. शंभर शेअरला दहा पैसे म्हणजे दहा रुपये, दुसऱ्या दिवशीच्या किमान दलालीपेक्षा कमी. विक्री शक्यतो एकाच दिवसात संपवतो. पण २५० रुपयांखालच्या शेअर्सना जून २०२४ पासून एनएसईवर एक पैशाची टिक, म्हणजे दोन भावांतलं सगळ्यात लहान अंतर, आली, तेव्हापासून माझ्यापुढे कोणीही एका पैशाने जाऊन उभं राहतं, आणि मला मिळणारा माल आणखी तुटक झाला आहे असा माझा अनुभव आहे. काळजी घेऊनही जे आमच्या हातात नाही ते नाहीच.

मी स्कोर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार का केली नाही, हेही सांगते. तिथे तक्रार केली की ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ही व्यवस्था चांगली आहे. पण उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. ऑफिसातल्या मुलाने ते आधीच दिलं आहे. "मॅडम, सगळं टॅरिफ शीटमध्ये आहे, तुमची सही आहे." सही आहे. नियम पाळला गेला आहे. तक्रार नियमाबद्दल आहे, आणि नियम करणारे आपण आहात.

म्हणून माझ्या मागण्या या.

किमान दलाली ग्राहकाच्या सूचनेला लागावी, बाजारातून आलेल्या प्रत्येक तुकड्याला नव्हे. ज्या ऑर्डरचा काही भाग भरला आणि उरलेला भाग ग्राहकाने पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत त्याच कंपनीसाठी, त्याच बाजूने पुन्हा लावला, ती सगळी मिळून एक सूचना धरावी आणि किमान एकदाच घ्यावं. ज्या ऑर्डरला दर ऑर्डरमागे ठरावीक रक्कम लागते तिलाही हेच लागू व्हावं. ब्रोकरच्या संगणकाला हे अवघड नाही. जीटीटीसारख्या, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत थांबणाऱ्या, ऑर्डरी महिनोन्‌महिने सांभाळून ठेवणाऱ्या यंत्रणेला पाच दिवसांची बेरीज जड नाही.

एका आठवड्यात एकाच कंपनीच्या विक्रीवर ब्रोकरचा स्वतःचा डीपी चार्ज एकदाच लागावा. डिपॉझिटरीचा आणि ब्रोकरचा वाटा दोन वेगळ्या ओळींत दिसावा आणि तो त्या दिवशीच्या काँट्रॅक्ट नोटेबरोबरच कळावा. विक्रीची रक्कम अगदी लहान असेल तर दलाली आणि डीपी चार्ज मिळून किती टक्क्यांच्या वर जाता कामा नये, याची एक मर्यादा मंडळाने घालावी. चौदा टक्के ही मर्यादा असू शकत नाही.

पूर्ण मिळाले तर घ्या नाहीतर लगेच रद्द, अशी ऑर्डर डिलिव्हरीच्या ग्राहकांसाठी सुरू करण्याचा मंडळाने आणि दोन्ही एक्स्चेंजेसनी विचार करावा. हरकत असेल तर ती काय आहे, ते सार्वजनिकरीत्या सांगावं.

ऑर्डर देताना पडद्यावर, किंवा फोनवरून दिली तर तोंडी, एक वाक्य सांगणं सक्तीचं करावं: ही ऑर्डर अर्धवट भरली तर किमान इतके रुपये लागतील. आज "अंदाजे शुल्क" म्हणून जो आकडा दिसतो तो सगळी ऑर्डर एकदम भरेल असं धरून काढलेला असतो.

आणि अडीच टक्क्यांच्या त्या जुन्या कमाल मर्यादेचा फेरविचार करावा. मसुदा काढा, लोकांची मतं मागवा. आम्ही मराठीत लिहून पाठवू.

मंडळाने याहून कितीतरी मोठी कामं केली आहेत. २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी प्लस वनवर आले, तेव्हा विकलेल्या शेअरचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात बघून माझ्या नणंदेने मला फोन केला होता, आनंदाने. ज्या व्यवस्थेने देशभरातल्या सगळ्या सौद्यांचा निपटारा एका दिवसावर आणला, तिला किमान दलालीचा एक नियम बदलणं अशक्य आहे असं मी मानत नाही. गुंतवणूकदारांच्या हिताचं रक्षण हे सेबी कायद्याच्या उद्देशात पहिलं लिहिलेलं आहे.

चारही काँट्रॅक्ट नोटांच्या आणि नणंदेच्या लेजरच्या प्रती, खाते क्रमांक झाकून, या पत्रासोबत टपालाने पाठवत आहे. उत्तराची वाट बघेन. उरलेले ३५ शेअर मी अजून घेतलेले नाहीत.

आपली विश्वासू,
कराडची एक भागधारक